मॅक्डॉवेल काउंटी: माणसे, मजुरी आणि मते

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, अपलाचियन डोंगररांगेच्या अरुंद घळींमध्ये मॅक्डॉवेल नावाची काउंटी आहे. १९५० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ९८,८८७ होती आणि २०२० च्या जनगणनेत ती १९,१११ भरली. म्हणजे सत्तर वर्षांत दर पाच माणसांमागे चार माणसे कमी झाली, आणि त्यासाठी ना युद्ध व्हावे लागले, ना दुष्काळ पडावा लागला. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ही काउंटी अनेक पत्रकारांच्या लेखनाचा विषय झाली, कारण २००८ साली बराक ओबामांना बहुमत देणाऱ्या या काउंटीने आठ वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांना जवळजवळ पाऊण मते दिली. त्या लेखनातील बराचसा भाग मी आवडीने वाचला, तरी बहुतेक ठिकाणी मला एकच उणीव जाणवली. मतांची टक्केवारी आधी सांगितली जाते, मग दारिद्र्य दाखवले जाते आणि लोकसंख्येचा आकडा शेवटी एखाद्या वाक्यात उरकला जातो. माझ्या मते या काउंटीची गोष्ट नेमकी उलट्या क्रमाने वाचायला हवी. माणसे कोठून आली आणि कोठे गेली हे आधी, त्यांच्या हातात पैसा कोणाकडून येत होता हे त्यानंतर, आणि मत कोणाला पडले हे सर्वांत शेवटी. तसे वाचले तर एका निवडणुकीत कोडे वाटणारी गोष्ट शंभर वर्षांच्या पटावर बरीच सुसंगत दिसू लागते.

काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग असतो. त्याला न्यायालय, शेरीफ, शाळांचे मंडळ आणि कर बसवण्याचे काही अधिकार असतात. मॅक्डॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर असून तिचे मुख्य ठिकाण वेल्च हे लहानसे गाव आहे. सपाट जमीन फारच थोडी असल्याने घरे, रस्ता, रेल्वेमार्ग आणि ओढा हे सर्व एकाच चिंचोळ्या पट्ट्यात शेजारी शेजारी चालतात. पुष्कळ पाऊस पडला की पाणी थेट घरात शिरते. २००१ आणि २००२ अशा लागोपाठ दोन वर्षी येथे मोठे पूर आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा आला. अशा प्रदेशात शेतीवर मोठी वस्ती पोसली जाणे शक्य नव्हते. १८८० साली येथे जेमतेम ३,०७४ माणसे राहत होती, आणि जमिनीच्या बळावर या डोंगरांना पेलवणारी संख्या बहुधा तेवढीच होती.

पुढची सगळी वाढ कोळशाची आहे. १८८० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली आणि पोकाहॉन्टस नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांतील कोळसा बाहेर जाऊ लागला. हा कोळसा कमी धुराचा आणि त्याचा कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीत वापरायचा भाजलेला कोळसा, करण्यास उत्तम असल्याने त्याला मागणी जबरदस्त होती. १९०० मध्ये लोकसंख्या १८,७४७ झाली, १९१० मध्ये ४७,८५६, १९२० मध्ये ६८,५७१ आणि १९३० मध्ये ९०,४७९. ही माणसे स्थानिक जन्मांतून आलेली नव्हती. व्हर्जिनिया, अलाबामा, कॅरोलिना येथील शेतांवरून कृष्णवर्णीय मजूर आले. इटली, हंगेरी आणि पोलंडमधून स्थलांतरित आले. आसपासच्या डोंगरांतील गोरे शेतकरी आले. एके काळी या काउंटीतील जवळजवळ चौथा हिस्सा कृष्णवर्णीयांचा होता, आणि डोंगराळ अपलाचियाविषयीच्या प्रचलित समजुतीत ही गोष्ट बहुधा वगळलेली असते.

जमीन, घर, दुकान, डॉक्टर, क्वचित चर्चसुद्धा कंपनीच्या मालकीचे असे. खाणकामगाराला मजुरीचा काही भाग कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत, म्हणजे स्क्रिपमध्ये मिळे आणि ती नाणी कंपनीच्या दुकानातच चालत. गॅरी हे गाव तर युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीने आपल्या भट्ट्यांना कोळसा पुरवण्यासाठी वसवले आणि तिच्याच एका अध्यक्षाच्या नावावरून त्याचे नाव पडले. जमिनीखालचा कोळसा आणि वरचे जंगल यांचा मोठा भाग बाहेरच्या कंपन्यांकडे गेला आणि पुढेही तसाच राहिला. त्यामुळे काउंटीतून शतकभर अमाप संपत्ती बाहेर पडली तरी येथे भांडवल साठले नाही. कमाई म्हणजे फक्त मजुरी, आणि मजुरी थांबली की मागे काहीच नाही. पुढे उत्पन्नाचे जे आकडे मी देणार आहे त्यांचे मूळ या मालकीत आहे असे माझे ठाम मत आहे. येथील लोकांच्या स्वभावात किंवा आळसात ते शोधणाऱ्या लेखकांनी जमिनीची कागदपत्रे पाहिलेली नसावीत.

त्या काळी ही काउंटी रिपब्लिकन होती. कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या पक्षाशी निष्ठावान होते, वेस्ट व्हर्जिनियाने दक्षिणेतील राज्यांप्रमाणे त्यांचा मताधिकार काढून घेतला नव्हता, आणि खाणमालकही त्याच पक्षाचे होते. या मतांचे वजन किती होते हे एका घटनेवरून कळते. १९२८ मध्ये राज्य विधिमंडळातील येथील एक सदस्य वारले आणि त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी मिनी बकिंगहॅम हार्पर यांची नियुक्ती झाली. अमेरिकेतील कोणत्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्याच वर्षी किंबॉल गावात पहिल्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारक-भवन उभे राहिले. हे सगळे मॅक्डॉवेलसारख्या दुर्गम जागी घडले, कारण तेथे खाणीत मजुरी होती, मजुरीमुळे वस्ती होती आणि वस्तीमुळे मते होती.

मात्र मालक आणि मजूर एकाच पक्षाला मत देतात याचा अर्थ त्यांचे हित एक होते असा नव्हे. कामगार संघटना येथे येऊ नये म्हणून कंपन्यांनी खासगी सशस्त्र हस्तक नेमले होते. १ ऑगस्ट १९२१ रोजी, शेजारच्या मिंगो काउंटीतील मेटवान गावचा पोलीसप्रमुख आणि खाणकामगारांचा कैवारी सिड हॅटफील्ड याला वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच हजारो खाणकामगार शस्त्रे घेऊन निघाले आणि ब्लेअर माउंटनची लढाई झाली. ती कामगार हरले. संघटना दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात खऱ्या अर्थाने पाय रोवू शकली ती १९३३ मध्ये, रूझवेल्ट यांच्या राजवटीत संघटित होण्याचा हक्क कायद्याने मान्य झाल्यावर. बघता बघता युनायटेड माइन वर्कर्स ही संघटना प्रत्येक वसाहतीत पोहोचली आणि तिच्याबरोबर काउंटीचे मतही फिरले. गोरे आणि कृष्णवर्णीय, जुने रहिवासी आणि स्थलांतरित, सारे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि पुढे कित्येक दशके तेथेच राहिले.

म्हणून २०१६ च्या आसपास झालेले पक्षांतर हे या काउंटीचे दुसरे पक्षांतर आहे, पहिले नव्हे. पहिल्याचे कारण निःसंदिग्ध आहे. मजुरीचा दर, दवाखाना, निवृत्तिवेतन आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून केंद्रावर नेणारा माणूस या सगळ्यांमागे आता कंपनीऐवजी संघटना उभी होती. अमुक उमेदवार आपला आहे हे घरोघर सांगणारी यंत्रणाही तीच होती.

१९४० च्या दशकात वेल्चच्या रस्त्यांवर शनिवारी चालायला जागा नसे असे वर्णन सर्वत्र आढळते. गाड्या लावण्याची सोय नाही म्हणून १९४१ मध्ये नगरपालिकेने स्वतःच्या मालकीचा बहुमजली वाहनतळ बांधला आणि अमेरिकेतील तशा प्रकारचा तो पहिला मानला जातो. १९५० ला लोकसंख्येने शिखर गाठले, आणि त्याच वर्षी उताराचीही सोय झाली. संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुइस यांनी त्या वर्षी खाणमालकांशी राष्ट्रीय करार केला. मालकांनी हवी तेवढी यंत्रे आणावीत, आणि त्या बदल्यात काढलेल्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य व निवृत्तिनिधीत भरावी, असा तो व्यवहार होता. जे कामावर राहिले त्यांना चांगली मजुरी आणि दवाखाना मिळाला. पण कोळसा तोडणारे आणि त्याच दमात वाहकपट्ट्यावर टाकणारे यंत्र आल्यावर फावड्याने गाडी भरणाऱ्या माणसाची गरज संपली. राज्यात एक लाखाहून अधिक असलेली खाणकामगारांची संख्या दहा-बारा वर्षांत निम्म्याहून कमी झाली. हाताने कोळसा भरण्याच्या कामावर कृष्णवर्णीय मजूर जास्त होते आणि यंत्रांवर त्यांना क्वचितच घेतले गेले. त्यामुळे पहिला घाव त्यांच्यावर पडला आणि ते क्लीव्हलंड, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे निघून गेले. आज काउंटीत त्यांचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी आहे. साठच्या दशकाच्या आरंभी निधीत पैसा कमी पडू लागला, तेव्हा वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्यांची आरोग्यकार्डे संघटनेलाच रद्द करावी लागली. लुइस यांचा करार मला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही, कारण त्या काळी जमिनीखाली माणसे ज्या दराने मरत आणि आजारी पडत होती ते पाहता खाणीतील काम कमी होणे हेही हिताचे होते. जाणाऱ्यांसाठी मात्र त्या करारात काहीच नव्हते, आणि मॅक्डॉवेलमध्ये जाणारेच अधिक होते.

१९६० ची जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या ७१,३५९ वर आली होती. त्याच वर्षी १० मे रोजी वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक पक्षाची पक्षांतर्गत निवडणूक झाली. कॅथलिक उमेदवार प्रॉटेस्टंट राज्यात जिंकू शकतो का, हा त्या वेळचा प्रश्न होता. जॉन एफ. केनेडी मॅक्डॉवेलसह या कोळसापट्ट्यात फिरले, त्यांनी ह्युबर्ट हम्फ्री यांना हरवले आणि उमेदवारीचा मार्ग मोकळा केला. येथील दारिद्र्य त्यांनी स्वतः पाहिले होते. अध्यक्ष झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी काढलेला पहिला आदेश गरजू कुटुंबांना मिळणारा शिधा वाढवण्याचा होता, आणि २९ मे १९६१ रोजी नव्या प्रायोगिक योजनेतील देशातील पहिली अन्नकुपने याच काउंटीत, वेल्चमध्ये, तेरा मुले असलेल्या एका कुटुंबाला देण्यात आली. कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन त्यासाठी जातीने आले होते. ही योजना पुढे साऱ्या देशात पसरली आणि आजही चालू आहे. ज्या काउंटीने एका अध्यक्षाला निवडून आणण्यास हातभार लावला तिला त्याने लगेच काही दिले, हे नाते येथील वयस्कर मतदारांच्या पक्षनिष्ठेत पुढे चाळीस वर्षे टिकून राहिलेले दिसते.

सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती भडकल्या, कोळशाला पुन्हा भाव आला आणि लोकसंख्या दहा वर्षे जवळपास स्थिर राहिली. १९७० मध्ये ५०,६६६ आणि १९८० मध्ये ४९,८९९. त्यानंतर अमेरिकी पोलाद उद्योगच कोसळला. १९८६ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलने गॅरीतील खाणी बंद केल्या, बाराशेहून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि काउंटीतील व्यक्तिगत उत्पन्न पुढच्या वर्षभरातच दोन तृतीयांशाने घटल्याचे सांगितले जाते. घरांच्या किमती इतक्या पडल्या की विकून दुसरीकडे जावे म्हटले तर हाती काही येईना. येथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि एरवी समृद्धीचे लक्षण समजली जाणारी ही बाब येथे माणसाला जागेला जखडून ठेवते. १९९० मध्ये लोकसंख्या ३५,२३३ होती, २००० मध्ये २७,३२९ आणि २०१० मध्ये २२,११३.

कोण गेले हा प्रश्न किती गेले यापेक्षा महत्त्वाचा आहे. तरुण गेले, शिकलेले गेले, ज्यांच्या अंगात दुसरीकडे काम करण्याचे बळ होते ते गेले. मागे राहिलेल्यांत वृद्ध, फुप्फुसांत कोळशाची धूळ साठून ब्लॅक लंग झालेले, कंबर मोडलेले कामगार आणि त्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया यांचे प्रमाण वाढत गेले. या दुखण्यांसाठी सढळ हाताने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून दुसरी आपत्ती आणली. अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण येथे देशात सर्वाधिक असलेल्या काउंट्यांत मोडते आणि कितीतरी मुले आजी-आजोबांच्या घरी वाढत आहेत. २०१० च्या सुमारास येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान अवघे ६४ वर्षे होते. त्याच वेळी साडेपाचशे किलोमीटरवरच्या, वॉशिंग्टनलगतच्या सधन फेअरफॅक्स काउंटीत, जेथे पुष्कळ भारतीय आणि त्यांत मराठी कुटुंबेही स्थायिक आहेत, ते ८२ होते.

आता उत्पन्न. २००० च्या जनगणनेनुसार मॅक्डॉवेलमधील कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न १६,९३१ डॉलर होते आणि संपूर्ण देशाचे ४१,९९४ डॉलर. दरडोई उत्पन्न १०,१७४ डॉलर, म्हणजे देशाच्या निम्म्याहून कमी. दारिद्र्यरेषेखाली ३७.७ टक्के लोक होते. देशात हे प्रमाण १२.४ टक्के होते. दहा वर्षांनी मध्यक उत्पन्न २२,१५४ डॉलर झाले, पण महागाई वजा केली तर त्यात वाढ जवळजवळ नाही. या आकड्यांपेक्षाही मला बोलका वाटतो तो उत्पन्नाच्या उगमाचा तपशील. काउंटीतील एकूण व्यक्तिगत उत्पन्नापैकी निम्म्याच्या आसपास भाग सरकारी देयकांतून येतो. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन, अपंगत्वाचा भत्ता, वैद्यकीय साहाय्य, अन्नकुपने वगैरे. उरलेल्या पगारांतही शाळा, तुरुंग, दवाखाना आणि काउंटीची कचेरी यांचा वाटा मोठा. कोळसा अजून निघतो, पण त्याला माणसे थोडी लागतात.

येथे घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांना थांबवावेसे वाटते. ‘सरकारी पैशांवर जगणारे लोक सरकारविरोधी पक्षाला मत का देतात’ हा प्रश्न फार वेळा विचारला गेला आहे, आणि त्यात एक गृहीतक दडलेले आहे. निवृत्त खाणकामगाराला मिळणारे निवृत्तिवेतन किंवा ब्लॅक लंगचा भत्ता त्याच्या लेखी मदत नसतेच. तीस वर्षे जमिनीखाली घालवून, काढलेल्या टनांवर आणि झिजलेल्या फुप्फुसांवर कमावलेला तो हक्क असतो. ब्लॅक लंगचा भत्ता १९६९ च्या कायद्याने मिळाला, आणि तो कायदा येण्यासाठी १९६८ मध्ये याच राज्यातील फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण मरावे लागले. याउलट शेजारच्या धडधाकट तरुणाला मिळणारी कुपने त्याच कामगाराला खटकतात. दोन्ही रकमा सरकारी हिशेबात एकाच स्तंभात लिहिल्या जातात, पण घळीत राहणाऱ्यांच्या मनात त्या वेगवेगळ्या आहेत. शिवाय मदत घेणारे आणि मत देणारे हे बऱ्याच प्रमाणात वेगळे लोक आहेत. सर्वांत गरीब माणूस बहुधा मतदानाला जातच नाही.

मतांकडे येताना टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष मतांची संख्याही ठेवतो, आणि ती अंदाजाने शेकड्यांत देतो. २००० मध्ये अल गोर यांना येथे सुमारे ४,८०० मते पडली, जॉर्ज बुश यांना २,३००. त्या वर्षी वेस्ट व्हर्जिनिया राज्य रिपब्लिकनांकडे गेले, तरी मॅक्डॉवेल ढळली नाही. २००८ मध्ये ओबामांना ३,४०० म्हणजे ५३ टक्के आणि जॉन मकेन यांना २,९००. राज्यातील ५५ काउंट्यांपैकी फक्त सात ओबामांकडे होत्या आणि त्यांत ही एक होती, तेव्हा केवळ वर्णद्वेषाने या काउंटीचे पुढचे वर्तन उलगडत नाही. २०१२ मध्ये ओबामांची मते २,१०० वर घसरली आणि मिट रॉम्नी यांची ४,००० वर गेली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना १,४००, ट्रम्प यांना ४,६००. २०२० मध्ये जो बायडेन यांना १,३०० आणि ट्रम्प यांना ५,१००.

या आकड्यांत दोन निरनिराळ्या क्रिया दिसतात. २००० ते २००८ या काळात डेमोक्रॅटिक पक्षाची चौदाशे मते गेली, पण रिपब्लिकनांची वाढली सहाशेच. उरलेला फरक बहुतांशी मृत्यू, स्थलांतर आणि मतदानाविषयीची उदासीनता यांचा आहे. लुइस आणि केनेडी ज्यांना आठवत होते ती पिढी संपत होती. खरी उलथापालथ २००८ ते २०१२ मध्ये झाली. एका बाजूची तेराशे मते कमी झाली आणि दुसऱ्या बाजूची अकराशे वाढली. म्हणजे ट्रम्प राजकारणात उतरण्याआधीच काउंटी फिरली होती. २०१२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत तर टेक्ससमधील तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका कैद्याने ओबामांविरुद्ध अर्ज भरला आणि वेस्ट व्हर्जिनियाभरात ४१ टक्के डेमोक्रॅटिक मते मिळवली. ‘कोळशाविरुद्धचे युद्ध’ ही घोषणा त्या काळात प्रत्येक कुंपणावर लागलेली असे. पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये जवळच्या लोगन काउंटीतील एका मोठ्या डोंगरफोड खाणीचा परवाना रद्द केला होता आणि वीजकेंद्रांवरील नियम कडक होत होते.

कोळशाच्या बाजाराकडे पाहिल्यास मात्र वेगळे चित्र दिसते. वीजकेंद्रांसाठीच्या कोळशाला मारले ते प्रामुख्याने खडकांतून काढलेल्या स्वस्त नैसर्गिक वायूने. मॅक्डॉवेलचा नावाजलेला कोळसा तर पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा. त्याचा भाव चीन आणि भारतातील भट्ट्यांच्या मागणीवर ठरतो. भारत हा अमेरिकी कोळशाच्या मोठ्या ग्राहकांपैकी आहे, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू स्टीलने २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणी विकत घेतल्या होत्या. या घळींतील खाणींमधली कामाची पाळी चालू राहणार की बंद होणार हे वॉशिंग्टनमधील नियमाइतकेच आशियातील पोलादाच्या भावाने ठरत होते. २०१२ ते २०१६ दरम्यान तो भाव पडला आणि अल्फा, आर्च, पीबॉडी या मोठ्या कोळसा कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या.

हे मतदाराला सांगणार कोण होते? पूर्वी ते काम संघटना करत असे. पण गॅरीनंतर येथे युनियनच्या खाणी अगदी थोड्या उरल्या होत्या. उरलेल्या खाणींत पगार देणारी कंपनी हीच माहिती देणारीही होती, आणि कंपनी सांगे की वॉशिंग्टन तुमची नोकरी घेत आहे. मला वाटते, दुसऱ्या पक्षांतराचे मूळ येथे आहे. या काउंटीत मत नेहमीच रोजीरोटी आणि मतपेटी यांच्या मध्ये उभ्या असलेल्या संस्थेमागे गेले. आधी ती कंपनी होती, मग युनियन झाली, आणि युनियन गेल्यावर ती जागा पुन्हा कंपनीने आणि दूरचित्रवाणीने भरली. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात पंधरा वर्षे जमिनीखाली काम केलेल्या आणि श्वसनाने अपंग झालेल्या कामगारांना ब्लॅक लंगचा दावा सिद्ध करणे सोपे करणारे कलम होते. ज्येष्ठ सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी ते आग्रहाने घातले होते, आणि त्याच कायद्याखाली राज्याने गरिबांसाठीचा वैद्यकीय विमा वाढवला. मॅक्डॉवेलच्या लोकांना त्याचा लाभ झाला. पण हे कलम ओबामांच्या कायद्यातले आहे, असे दारोदार जाऊन सांगणारा कोणी उरला नव्हता. मार्च २०१६ मध्ये क्लिंटन यांनी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात खाणकामगार आणि कोळसा कंपन्या यांचे काम बंद होणार असल्याचे म्हटले. पर्यायी रोजगार देण्याविषयीचे त्यांचे पुढचे-मागचे बोलणे कोणी ऐकले नाही. ते एक वाक्य मात्र घरोघर पोहोचले. मे महिन्यात ट्रम्प चार्ल्स्टनच्या सभेत खाणकामगाराचे शिरस्त्राण घालून उभे राहिले.

त्याच मे महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत बर्नी सँडर्स यांनी राज्यातील सर्व ५५ काउंट्या जिंकल्या, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना ६८ टक्के मते देणाऱ्या राज्याने त्याच दिवशी डेमोक्रॅटिक चिन्हावर उभ्या असलेल्या जिम जस्टिस या खाणमालकाला राज्यपाल केले. पुढच्या वर्षी ते रिपब्लिकन झाले ही गोष्ट वेगळी. एवढ्यावरून या मतदारांना कट्टर उजवे ठरवणे मला पटत नाही. ‘कोळशाच्या बाजूचा कोण’ आणि ‘प्रस्थापितांच्या विरोधातला कोण’ या दोन कसोट्यांवर त्यांनी त्या वर्षी जवळजवळ सगळे ठरवले.

२०१६ च्या जानेवारीत किंबॉलमधील वॉलमार्ट बंद झाले. अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या दुकानाने छोटी दुकाने आधीच संपवली होती. ते गेल्यावर नोकऱ्या गेल्या, ताज्या भाजीसाठी डोंगर ओलांडून जाण्याची वेळ आली आणि काउंटीचे कराचे उत्पन्नही घटले. करच कमी जमला की शाळा, रुग्णवाहिका आणि जुन्या खाण-वसाहतींच्या गळक्या जलवाहिन्या यांच्यासाठी पैसा उरत नाही. शिक्षक मिळेनात, कारण त्यांना राहायला धड घर नव्हते. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ पासून चालवलेल्या उपक्रमात वेल्चमध्ये शिक्षकांसाठी इमारत बांधण्यात आली, आणि या काउंटीविषयी वाचलेल्या योजनांत मला ती सर्वांत शहाणपणाची वाटली, कारण ती निदान काही तरुण माणसे बाहेरून आत आणते.

शेवटी २०२० च्या १९,१११ या आकड्याविषयी. अमेरिकेच्या जनगणनेत कैद्यांची गणना ते ज्या तुरुंगात आहेत तेथील रहिवासी म्हणून होते, आणि वेल्चजवळ हजाराहून अधिक कैद्यांची सोय असलेला केंद्र सरकारचा तुरुंग आहे. शिवाय गावातील एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतही तुरुंग चालतो. ही माणसे काउंटीच्या लोकसंख्येत मोजली जातात, पण ती येथे कमावत नाहीत आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत असेपर्यंत मतदानही करू शकत नाहीत. ती वगळली तर खरी वस्ती आणखी घटते, दरडोई उत्पन्नाचा आकडा किंचित वर सरकतो आणि मतदानाचे प्रमाणही थोडे सुधारते. तरीही २०२० मध्ये सुमारे पंधरा हजार प्रौढांच्या या काउंटीत साडेसहा हजारांच्या आसपास मते पडली. ट्रम्प यांना मिळालेल्या ७९ टक्क्यांचा अर्थ प्रौढ लोकसंख्येच्या हिशेबात एक तृतीयांशाच्या आसपास येतो, आणि घरी बसलेल्यांची संख्या त्यापेक्षा मोठी आहे.